चार मित्र, चार शहरे आणि बारा दिवस

उन्हाळ्याची सुटी दोन-तीन महिन्यांवर आली म्हणजे वाचकांकडून दर वर्षी एकाच स्वरूपाची पृच्छा होऊ लागते. चार-पाच मित्रांनी किंवा मैत्रिणींनी मिळून उत्तरेकडे जावयाचे पक्के केलेले असते आणि शहरांची एक लांबलचक यादीही तयार असते. परंतु आधी कोठे जावे, तिकिटे कोणत्या दिवशी काढावीत, पैसे कोणी भरावेत, आणि ऐनवेळी एखाद्याने माघार घेतली तर त्याच्या वाट्याचा खर्च कोणी सोसावा, यांपैकी एकाही प्रश्नाचा निर्णय झालेला नसतो. सहल फसते ती बहुधा याच अनिर्णित प्रश्नांमुळे. आणि तिच्याबरोबर कधीकधी वर्षानुवर्षांची मैत्रीही दुरावते, म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडण्याचे योजिले आहे.

विवेचन हवेत राहू नये यासाठी एक ठरावीक मार्ग डोळ्यांपुढे ठेवू. मुंबईहून निघून अमृतसर, धरमशाला, शिमला आणि चंडीगढ ही चार शहरे पाहून परत येणे, हा महाराष्ट्रातील तरुण मंडळींच्या आवडीचा मार्ग आहे. मुंबईहून पूर्वीची फ्रंटियर मेल, म्हणजे आताची गोल्डन टेंपल मेल, थेट अमृतसरला जाते. मराठवाड्यातील वाचकांना नांदेडहून सुटणारी आणि मनमाड-भुसावळमार्गे जाणारी सचखंड एक्सप्रेस अधिक सोयीची पडते. आपला मार्ग निराळा असला तरी पुढील बहुतेक गोष्टी त्यालाही लागू पडतील.

आधी रात्री मोजाव्यात, मग शहरे

योजनेचा आरंभ शहरांच्या यादीपासून करू नये. हाती असलेल्या रात्री मोजून करावा. १२ दिवसांची सहल म्हटली की मनात १२ दिवसांचे चित्र उभे राहते, पण १२ दिवसांत रात्री ११ असतात, आणि त्यांपैकी जाताना दोन व येताना दोन रात्री आगगाडीतच जातात. म्हणजे प्रत्यक्ष मुक्कामाला उरतात त्या अवघ्या ७ रात्री. या सातांची वाटणी अमृतसरला २, धरमशालेला २, शिमल्याला २ आणि चंडीगढला १ अशी केली की हिशेब संपतो. एखाद्या मित्राने या यादीत मनालीची भर घालण्याचा आग्रह धरला, तर त्याला नकार देण्याऐवजी एवढेच विचारावे, की या सातांपैकी कोणत्या दोन रात्री कमी करावयाच्या? यादी वाढवणे सर्वांनाच सुचते. कोणती रात्र सोडावयाची ते सांगण्याची वेळ आली की चर्चा आपोआप मुद्द्यावर येते.

मुक्काम बदलण्याच्या दिवसाची किंमतही नीट ओळखावी. अमृतसरहून पठाणकोटमार्गे धरमशालेला पोहोचण्यात दिवसाचा मोठा भाग जातो, आणि धरमशाला ते शिमला हा डोंगरातील रस्ता तर जवळजवळ सबंध दिवस घेतो. हे अंतर रात्रीच्या बसने काटावे आणि एका खोलीचे भाडे वाचवावे, असा सल्ला पुष्कळ जण देतात. आमचे मत त्याविरुद्ध आहे. वळणांच्या रस्त्यावर न झोपता काढलेली रात्र दुसऱ्या दिवसाचा बळी घेते, शिवाय घाटातील रात्रीचा प्रवास अधिक जोखमीचा असतो. एका खोलीच्या भाड्यासाठी ही दोन्ही ओझी पत्करू नयेत.

ज्यांना रजाच कमी आहे, त्यांनी परतीचा प्रवास चंडीगढहून विमानाने करण्याचा विचार करावा. त्यामुळे दोन रात्री मोकळ्या होतात. मात्र त्या नव्या शहरात न घालवता शिमला व धरमशाला येथील मुक्कामात प्रत्येकी एक अशा मिळवाव्यात, ही आमची आग्रहाची सूचना आहे.

महिना, वार आणि शहरांचा क्रम

पंजाब, दिल्ली व आसपासच्या शाळांना मे महिन्याच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत केव्हा ना केव्हा सुट्या लागतात, आणि त्या लागल्या की हिमाचलातील थंड हवेच्या गावांकडे सहकुटुंब लोकांचा ओघ सुरू होतो. आपल्याकडील परीक्षा मात्र एप्रिलमध्येच आटोपलेल्या असतात. हे अंतर आपल्या फायद्याचे आहे. एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मेचे पहिले दहा दिवस मिळत असतील तर जूनची वाट पाहू नये. जूनच्या अखेरीस तेथे पाऊस पोहोचतो, आणि धरमशालेचा पाऊस सह्याद्रीतल्या पावसाइतकाच दांडगा असतो.

महिन्याइतकाच वारही महत्त्वाचा आहे, आणि याकडे दुरून जाणाऱ्यांचे हटकून दुर्लक्ष होते. चंडीगढ, लुधियाना आणि दिल्ली येथील मंडळी शुक्रवारी संध्याकाळी मोटारी काढून डोंगराकडे निघतात व रविवारी परततात. त्या दोन दिवसांत शिमल्याच्या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात आणि खोल्यांचे भाव चढतात. म्हणून डोंगरातील मुक्काम शक्यतो सोमवार ते शुक्रवार या दिवसांत बसवावा. शुक्रवारी सायंकाळी मुंबई सोडल्यास रविवारी अमृतसर येते. रविवार-सोमवारच्या रात्री तेथे काढून मंगळवार-बुधवार धरमशालेला, गुरुवार-शुक्रवार शिमल्याला राहावे, आणि शनिवारी गर्दी वर चढत असताना आपण खाली उतरून चंडीगढला मुक्काम करावा. रविवारी परतीची गाडी पकडली की मंगळवारपर्यंत घर गाठता येते.

अमृतसरला मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे. तेथे दुपारी खोलीतच राहावे आणि सुवर्णमंदिराचे दर्शन पहाटे किंवा रात्री घ्यावे. त्या वेळी परिक्रमेचा संगमरवर पायांना सोसतो. मस्तक झाकलेले असावे आणि पादत्राणे बाहेर ठेवावीत, हा तेथील नियम आहे. लंगरात पंगतीला बसून जेवल्याशिवाय परतू नये. अटारी सीमेवरील सायंकाळच्या संचलनासाठी ओळखपत्र बाळगावे व मोठ्या पिशव्या मुक्कामावरच ठेवाव्यात. हे शहर सीमेलगतचे आहे, हेही विसरू नये: २०२५ च्या मे महिन्यात तणावामुळे अमृतसरचा विमानतळ काही दिवस बंद ठेवावा लागला होता. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात वर्तमानपत्र लक्षपूर्वक वाचावे.

शिमल्याहून उतरताना कालका-शिमला छोट्या गाडीचा प्रवास अवश्य करावा. १९०३ साली सुरू झालेला सुमारे ९६ किलोमीटरांचा हा लोहमार्ग शंभराहून अधिक बोगद्यांतून जातो आणि २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तथापि ही गाडी पाच तासांहून अधिक वेळ घेते व तिच्या जागा मोजक्याच असतात, तेव्हा तिचे आरक्षण मुख्य गाड्यांबरोबरच करावे. पठाणकोटहून निघणाऱ्या कांगडा खोऱ्यातील छोट्या गाडीवर मात्र विसंबून राहू नये. ऑगस्ट २०२२ मधील पुरात तिचा चक्की नदीवरील पूल कोसळला होता. कोणत्या टप्प्यात गाड्या धावत आहेत याची आधी खात्री करून घ्यावी.

आरक्षणाची मुदत आणि तिचे परिणाम

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेच्या आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली आहे, आणि त्या ६० दिवसांत प्रवासाचा दिवस धरला जात नाही. जुन्या सवयीमुळे याबाबत अजून गोंधळ होतो. १ मे रोजी निघावयाचे असल्यास आरक्षण २ मार्चला सकाळी ८ वाजता खुले होईल. १० मेच्या परतीच्या गाडीचे मात्र ११ मार्चला. या दोन तारखांमध्ये नऊ दिवसांचे अंतर पडते, आणि चूक होते ती येथेच. जाण्याची तिकिटे हाती पडली की आनंदाच्या भरात हॉटेलांचे पैसे भरले जातात, आणि मग परतीची तिकिटे प्रतीक्षायादीत अडकतात. परतीचे आरक्षण निश्चित होईपर्यंत परत न मिळणारी कोणतीही रक्कम कोणालाही देऊ नये.

काही नियम पाठ असावेत असे आहेत:

- एका तिकिटावर सहापर्यंत प्रवासी घेता येतात. तत्काळ तिकिटावर चारच.
- तत्काळ आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी खुले होते. वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० वाजता व इतरांसाठी ११ वाजता. ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारद्वारे प्रमाणित असणे आता आवश्यक आहे. साधे आरक्षण खुले होताच तिकीट काढावयाचे असेल तरीही हे प्रमाणीकरण आधीच उरकून ठेवावे.
- ऑनलाइन काढलेल्या तिकिटावरील सर्वच नावे तक्ता तयार झाल्यावरही प्रतीक्षायादीत राहिली तर ते तिकीट आपोआप रद्द होते. ते घेऊन गाडीत चढण्याचा अधिकार राहत नाही.
- चढण्याचे स्थानक बदलता येते. पण एकदा बदलले की मूळ स्थानकावरून चढण्याचा हक्क जातो. एक मित्र बोरिवलीला व दुसरा सुरतेला चढणार असेल तर हे ध्यानी ठेवावे.

सर्व मुक्काम लोहमार्गावरच असतील, उदाहरणार्थ अमृतसर, हरिद्वार, लखनौ, वाराणसी आणि परत मुंबई, तर चक्राकार प्रवासाच्या तिकिटाची चौकशी जरूर करावी. ज्या स्थानकापासून आरंभ, तेथेच शेवट असलेल्या प्रवासासाठी रेल्वे हे तिकीट देते आणि त्यात जास्तीत जास्त आठ ठिकाणी प्रवास खंडित करता येतो. भाडे आकारताना एकूण अंतराचे दोन समान भाग करून दोन एकेरी प्रवासांप्रमाणे हिशेब होतो, आणि लांब अंतराला दर किलोमीटरचे भाडे उतरत जात असल्यामुळे तुकड्या-तुकड्यांनी काढलेल्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडते. मार्ग आपण ठरवलेला असेल तर विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयाकडून मंजुरी घ्यावी लागते. या तिकिटाने भाडे भागते, प्रत्येक टप्प्यावरील जागेचे आरक्षण निराळे करावे लागते. सवड असलेल्या मंडळींनाच हा खटाटोप झेपेल.

माघार घेणाऱ्याचा प्रश्न

आता या लेखातील सर्वांत नाजूक भागाकडे वळू. चौघांनी तिकिटे काढली, आणि निघण्याच्या दहा दिवस आधी एकाला रजा नाकारली गेली. उरलेल्या तिघांना वाटते की त्याच्या जागी दुसरा मित्र नेता येईल. परंतु रेल्वेच्या नियमानुसार निश्चित तिकिटावरील नाव बदलावयाचे झाल्यास ते आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्याच नावे करता येते, आणि त्यासाठी गाडी सुटण्याच्या किमान २४ तास आधी अर्ज द्यावा लागतो. मित्राचे तिकीट मित्राला देता येत नाही. त्याचे एकट्याचे नाव रद्द करून नव्या मित्रासाठी नवे तिकीट काढावे लागते, आणि ते उन्हाळ्यात दहा दिवसांवर निश्चित मिळणे दुर्मीळ. दुसऱ्याच्या नावाच्या तिकिटावर प्रवास करणारा तिकीट तपासनिसाच्या दृष्टीने विनातिकीट ठरतो, म्हणून "कोण पाहतो" या भरवशावर ते साहस कोणी करू नये.

रद्द करण्याची कपात एकीकडे. खरा वाद निर्माण होतो तो खोली व वाहन यांच्या खर्चावरून. चौघांसाठी ठरवलेल्या मोटारीचे भाडे तिघे झाल्याने कमी होत नाही. अशा वेळी कोणी काय द्यावे याचा निवाडा प्रसंग उद्भवल्यानंतर केला, तर तो कितीही न्याय्य असला तरी एकाला बोचतोच. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वीच पुढील स्वरूपाचे चार ओळींचे लेखी ठराव सर्वांनी संमत करावेत. मोबाइलवरील सामायिक संदेशात प्रत्येकाने आपले नाव घालून "मान्य" लिहिले तरी पुरे.

- तिकिटे काढण्यापूर्वी माघार घेणाऱ्यावर कोणताही बोजा नाही.
- तिकिटे काढल्यानंतर स्वतःच्या कारणाने माघार घेणाऱ्याने रेल्वेची कपात आणि सामायिक खोली व वाहन यांतील आपला ठरलेला वाटा सोसावा.
- आजारपण किंवा घरातील दुर्घटना असल्यास तो वाटा उरलेल्या सर्वांनी समसमान वाटून घ्यावा.
- परत आलेली रक्कम ज्या खात्यातून तिकीट काढले त्याच खात्यात येते. ती आल्यापासून तीन दिवसांत संबंधिताला पोचती करावी.

मित्रांमध्ये कागद कशाला, असा संकोच पुष्कळांना वाटतो, आणि त्या संकोचाच्या मुळाशी स्नेहच असतो, हे आम्हास मान्य आहे. परंतु तिसरा ठराव पुन्हा वाचावा. संकटात सापडलेल्या मित्राला पैशांचा विषय काढण्याची पाळीच येऊ नये, याची तरतूद त्यात आधीच केलेली आहे.

वर्गणी आणि जमाखर्च

'तुझे तू, माझे मी' ही टीटीएमएमची रीत चहाच्या टेबलावर शोभते. १२ दिवसांच्या प्रवासात तिच्यामुळे प्रत्येक रिक्षापाशी खिसे चाचपत उभे राहावे लागते. त्यापेक्षा आरंभीच समान वर्गणी काढून एकाला खजिनदार नेमावे, आणि आरक्षणाचे काम दुसऱ्याकडे सोपवावे, म्हणजे सर्व भार व सर्व टीका एकाच माणसाच्या माथी येत नाही. खोली, वाहन, प्रवेशशुल्क आणि एकत्र जेवण हे खर्च सामायिक धरावेत. खरेदी आणि मद्य हे ज्याचे त्याने पाहावे. शाकाहारी आणि मांसाहारी मित्रांच्या जेवणाच्या रकमांत फार तफावत पडत असेल तर जेवणही वेगळे काढावे. रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटांत रोजकीर्द लिहून शिल्लक सर्वांना कळवावी. परतल्यावर आठ दिवसांच्या आत हिशेब मिटवावा.

वर्गणीची रक्कम किती असावी, हा प्रश्न याहून अवघड आहे. चौघांपैकी एकाची नोकरी नवी असते, एखाद्यावर घरच्या कर्जाचा हप्ता असतो, आणि तो हे सर्वांसमक्ष बोलून दाखवत नाही. म्हणून आकडा गटात जाहीर विचारू नये. खजिनदाराने प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारावा आणि जो सर्वांत कमी येईल तोच, कोणाचा ते न सांगता, सर्वांसाठी कायम करावा. ज्यांना अधिक खर्च परवडतो त्यांचे साध्या खोलीत राहून काही बिघडत नाही. ज्याला परवडत नाही त्याचा मात्र महागड्या खोलीत प्रत्येक दिवस हिशेबात जातो. अमृतसरला यात्रेकरूंसाठी गुरू रामदास सरायसारख्या धर्मशाळा आहेत, आणि बऱ्याच मोठ्या स्थानकांवर निश्चित तिकीट असणाऱ्यांना रेल्वेच्या विश्रामकक्षांत खोली मिळू शकते. थोडक्यात भागवणाऱ्यांनी यांचा विचार करावा. एखाद्या शहरात काही तासच थांबावयाचे असल्यास स्थानकावरील अमानती सामानघरात कुलूप लावलेल्या पेट्या ठेवता येतात.

खोली आणि वाहन ठरवताना

संकेतस्थळावर खोली पसंत पडली तरी हॉटेलात दूरध्वनी करून पुढील गोष्टी विचाराव्यात व उत्तरे लेखी मागवावीत:

- सांगितलेल्या भाड्यात कर धरलेला आहे काय?
- चौथ्यासाठी खरा पलंग मिळेल की जमिनीवर गादी?
- खोलीत येण्याची व सोडण्याची वेळ कोणती, आणि रद्द केल्यास किती रक्कम परत?
- मोटार दारापर्यंत येते काय? शिमल्याच्या मॉल रस्त्यावर सामान्य वाहनांना मज्जाव आहे. सामान हमालाकडे द्यावे लागते, किंवा कार्ट रोडवरून उद्वाहकाने वर जावे लागते.
- पाणी नियमित असते काय? २०१८ च्या उन्हाळ्यात शिमल्यात पाण्याची तीव्र टंचाई झाली होती, तेव्हा हा प्रश्न विचारण्यात संकोच नको.

नामांकित हॉटेलांच्या नावे खोटी संकेतस्थळे काढून आगाऊ रकमा उकळण्याचे प्रकार घडतात. भाव अविश्वसनीय वाटला आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यावर मागितले, तर तेथेच थांबावे.

वाहन पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले, म्हणजे भाड्याचा परवाना असलेलेच घ्यावे. पांढऱ्या पाटीचे खासगी वाहन भाड्याने देणे बेकायदेशीर आहे. हिमाचलातील टॅक्सी-संघटनांचे दरफलक अड्ड्यावर लावलेले असतात, ते आधी वाचावेत. चालकाचा भत्ता, टोल, वाहनतळाचे शुल्क व राज्यप्रवेशाचा कर यांपैकी काय भाड्यात येते, हे निघण्यापूर्वी कबूल करून घ्यावे.

हक्क आणि दाद

आपली गाडी तीन तासांहून अधिक उशिराने सुटणार असेल आणि आपण प्रवास न करण्याचे ठरवले, तर पूर्ण भाडे परत मागता येते. त्यासाठी ऑनलाइन तिकीट असल्यास गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी परताव्याचा अर्ज दाखल करावा लागतो. गाडी सुटल्यानंतर केलेली तक्रार कितीही रास्त असली तरी ग्राह्य धरली जाणार नाही. प्रवासातील अडचणींसाठी रेल्वेचा क्रमांक १३९ आहे, पर्यटकांसाठी केंद्र शासनाचा १३६३, आणि तातडीच्या प्रसंगी ११२.

उपाहारगृहाने देयकात सेवाशुल्क जोडले असेल तर ते काढून टाकण्यास सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या आहेत. ऑनलाइन फसवणूक झाल्याचे लक्षात येताच १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका विलंब होईल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता कमी होते.

हॉटेलाने ठरलेली खोली नाकारली किंवा सहल कंपनीने कबूल केलेली सोय दिली नाही, तर भांडण तेथेच तडीस नेण्यात सुटीचे दिवस दवडू नयेत. खोलीची छायाचित्रे घ्यावीत, संदेश व पावत्या जपाव्यात, व्यवस्थापकाला लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी आणि पुढे निघावे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यकेंद्राच्या १९१५ क्रमांकावर आधी तक्रार नोंदवता येते. तेवढ्याने निकाल लागला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये आपण जेथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते. शिमल्याच्या हॉटेलाविरुद्ध तक्रार करण्यासाठी शिमल्याला खेटे घालावे लागत नाहीत. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. खोली चौघांच्या वतीने एकाच्या नावे घेतली असेल, तर देयकही त्याच्याच नावे करून घ्यावे आणि मूळ पावती त्याच्याकडेच ठेवावी.